भाऊबीजेच्या आधी, टेबलावर दोन कार्डं

शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

टेबलावर जुना पेपर पसरून कॉम्प्युटरची दोन्ही ग्राफिक्स कार्डं शेजारी शेजारी ठेवली आहेत. डावीकडं माझं एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६०, सहा जीबी मेमरीचं. उजवीकडं आज दुपारी हडपसरहून आणलेलं एएमडीचं आरएक्स ५८०, आठ जीबीचं. भाऊबीजेला सोलापूरला ताईकडं जाताना यातलं एक सोबत न्यायचंय. भाच्याची दहावी झाली तेव्हाच मी शब्द दिला होता. तो जूनपासून वाट बघतोय, पण एकदाही तोंडानं मागितलं नाही.

१०६० मी २०१७ साली लॅमिंग्टन रोडवरून घेतलं. तेव्हा ठाण्यात तिघं मिळून एका खोलीत राहायचो. चोवीस हजार जमवायला आठ महिने लागले. ग्रँट रोडहून येताना दादरला गाडी बदलायची होती, तर गर्दीत खोका पोटाशी घट्ट धरून उभा होतो, ते अजून आठवतं. तेव्हापासून या कार्डानं मला एकदाही दगा दिलेला नाही.

५८० साडेसहा हजाराला मिळालं, पण दुसऱ्या खेपेला. आधी एकाकडून घेतलेल्या कार्डाच्या खोक्यावरही ५८० होतं आणि मागच्या स्टिकरवरही. घरी येऊन जीपीयू-झेड, म्हणजे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर, उघडलं तर शेडर, म्हणजे कार्डातले हिशेब करणारे छोटे भाग, २०४८. खऱ्या ५८० मध्ये ते २३०४ असतात. २०४८ वालं २०१८ मध्ये चीनच्या बाजारासाठी काढलेलं. आतून ते ५७० च, नाव तेवढं ५८० चं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवर चालणारं मायनिंग थांबलं आणि मायनिंगची असली कार्डं ढिगानं जुन्या बाजारात आली. विकणारा म्हणाला, "दोन्ही सेमच आहेत, दादा." नाहीत सेम. पैसे परत मिळवायला दोन चकरा झाल्या. पैशापेक्षा मला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. जुनं कार्ड घेणारा बहुतेक वेळा एखादा विद्यार्थी असतो, महिनोन् महिने पैसे साठवलेला. त्याला कमी माल मोठ्या नावानं विकायचा?

रविवार, १२ ऑक्टोबर

सकाळ सगळी ५८० मध्ये गेली. फॅन काढला तर आत धुळीचा थर, थर्मल पेस्ट सुकून खडूसारखी झालेली. ब्रशनं साफ केलं, नवी पेस्ट लावली, मेमरीवरचे पॅड बदलले. चालू केलं तर चित्र दिसतंय, पण ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, घालूनही कार्ड चालेना. मायनिंगवाले मेमरीचा वेग वाढवायला कार्डाचं बायोस, म्हणजे कार्डातच साठवलेलं मूळ सॉफ्टवेअर, बदलतात, आणि मग एएमडीचा ड्रायव्हर ते स्वीकारत नाही. सुदैवानं या कार्डावर दोन बायोस आहेत आणि कडेला छोटी खटकी. ती दुसरीकडं सरकवली आणि पहिल्या झटक्यात सुरू! खोलीत एकटाच होतो, तरी टाळी वाजवली.

मग संध्याकाळपर्यंत माझ्याच मशीनवर दोन्ही आलटून पालटून लावली. प्रोसेसर रायझेन ५ ३६०० आहे, सगळं फुल एचडीवर.

कागदावर ५८० च मोठं. मेमरीचा रस्ता २५६ बिटांचा, १०६० चा १९२ बिटांचा. सेकंदाला २५६ जीबी विरुद्ध १९२. गणिती ताकद साधारण ६.२ टेराफ्लॉप्स विरुद्ध ४.४. एवढ्यावर कुणीही म्हणेल की ५८० दीडपट पळेल. पण जीटीए ५ मध्ये दोघं जवळजवळ बरोबरीत, उलट गर्दीच्या चौकात १०६० जरा जास्त स्थिर. कारण असं की डायरेक्टएक्स ११ या जुन्या पद्धतीनं कार्डाशी बोलणाऱ्या खेळांत एएमडीचा ड्रायव्हर प्रोसेसरच्या एकाच कोअरवर जास्त ओझं टाकतो, आणि कार्ड त्याची वाट बघत बसतं. २०१६ चा डूम वल्कन या नव्या पद्धतीवर लावला तेव्हा तेच ५८० सुटलं ते सुटलंच. फरक मोजायला आकड्यांची गरज नव्हती, माउस फिरवतानाच हाताला कळत होता. या कार्डाची सगळी ताकद कामाला लागली की ते किती वेगळं वाटतं, हे मी आज पहिल्यांदा पाहिलं.

भिंतीतल्या सॉकेटला मीटर लावला होता. १०६० बरोबर अख्खं मशीन १९० वॉटच्या आसपास, ५८० बरोबर २७० पर्यंत. कंपन्यांचे आकडेही तेच सांगतात, एकाला १२० वॉट, दुसऱ्याला १८५. विजेच्या बिलाची भीती लोक उगाच घालतात, रोज तीन तास खेळलं तरी महिन्याला सात-साडेसात युनिटं जास्त. खरा प्रश्न उष्णतेचा आहे. ती ऐंशी वॉट शेवटी खोलीतच येतात, आणि मे महिन्यातली सोलापूरची खोली मी पाहिलेली आहे.

बुधवार, १५ ऑक्टोबर

ऑफिसातून येताना हाच विचार. एनव्हिडियानं जाहीर करून ठेवलंय की पास्कलच्या, म्हणजे १०६० च्या पिढीच्या, कार्डांसाठी नवे गेम रेडी ड्रायव्हर याच महिन्यापर्यंत. पुढं ऑक्टोबर २०२८ पर्यंत दर तीन महिन्यांनी फक्त सुरक्षेपुरते. म्हणजे मी नेमकं त्याच महिन्यात ते कार्ड पोराच्या हातात ठेवायचं. पण ५८० चीही गत फार वेगळी नाही. एएमडीनं २०२३ मध्येच त्या पिढीचे ड्रायव्हर मुख्य रांगेतून बाजूला काढले. लिनक्सवर मात्र ५८० चं बरं आहे, तिथला ड्रायव्हर मुक्त आहे आणि लोक तो सांभाळताहेत.

आणि काही नवे खेळ आता यातल्या कुठल्याच कार्डावर चालणार नाहीत. गेल्या वर्षीचा इंडियाना जोन्सचा खेळ असो की यंदाचा नवा डूम, कार्डात हार्डवेअर रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करायची सोय, नसेल तर ते सुरूच होत नाहीत. त्या आधीचं जे आहे त्याला मात्र आठ जीबी उपयोगी. सहा जीबी भरली की खेळ मध्येच अडखळतो, आणि ते अडखळणं सरासरी फ्रेमच्या आकड्यात दिसत नाही.

आज रात्री मन ५८० कडं झुकलंय. व्होल्टेज थोडं उतरवलं तर उष्णताही कमी होते. पोराला मोठं कार्ड द्यावं.

शनिवार, १८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

ताईचा फोन. दिवे लावून झाल्यावर तिनं भाच्याकडं दिला. मी विचारलं, मशीनचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, कुठला आहे, बघून सांग. भाऊजींच्या दुकानातलं जुनं मशीन आहे ते, आय५ ७४०० प्रोसेसरचं. त्यानं कॅबिनेटची बाजू उघडून वाचून दाखवलं, ४५० वॉट, आणि कार्डासाठी सहा पिनांची एकच वायर. ५८० ला आठ पिना लागतात. मधे अडॅप्टर लावून स्वस्त एसएमपीएसवर ओढ वाढवायची हे मी माझ्या मशीनमध्येही करणार नाही. मनात म्हटलं, नवा एसएमपीएसही घेऊन जाऊ.

मग सहज विचारलं, कोणता खेळ खेळायचाय रे? थोडा वेळ तो गप्प. मग म्हणाला, "मामा, खेळ चालले तर चालतील. मला ब्लेंडरसाठी पाहिजे होतं."

सहा महिन्यांपासून तो यूट्यूब बघून ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर शिकतोय. सिद्धेश्वराचं देऊळ करतोय, तळ्यासकट. पाण्यातलं प्रतिबिंब नीट यायला ब्लेंडरमधल्या सायकल्सवर रेंडर करावं, म्हणजे पक्कं चित्र काढून घ्यावं लागतं, आणि एका चित्राला पाऊण तास लागतो म्हणून रात्री लावून झोपतो. ताईला वाटतं, मशीन बंद करायला विसरतो.

मी चार दिवस फ्रेम मोजत बसलो होतो आणि हा प्रश्न मी त्याला जूनमध्येच विचारायला हवा होता.

फोन ठेवल्यावर लगेच पाहिलं, आठवत होतं तसंच निघालं. ब्लेंडर ३.० पासून, म्हणजे २०२१ च्या डिसेंबरपासून, सायकल्समधून ओपनसीएल, म्हणजे एएमडीची कार्डं वापरायची वाट, काढून टाकलंय. त्याच्या जागी एएमडीसाठी आलेलं एचआयपी नव्या पिढ्यांनाच चालतं. ५८० त्यात नाही. आठ जीबी, २३०४ शेडर, सगळं असून सायकल्सपुरतं ते कार्ड मुकं. १०६० मात्र कूडावर, म्हणजे एनव्हिडियाच्या स्वतःच्या वाटेवर, अजून चालतं.

बुधवार, २२ ऑक्टोबर, पाडवा

त्यानं देवळाची फाइल पाठवली होती. काल लक्ष्मीपूजन आटोपल्यावर १०६० लावून रेंडर केली. नऊ मिनिटं. दीपमाळेचा एक दिवा पाण्यात लांबट होऊन थरथरतोय, तसाच्या तसा आलाय. सोळा वर्षांच्या मुलानं तासन् तास तळ्याकाठी बसून बघितल्याशिवाय हे जमत नाही. मी ते चित्र मोठं करून कितीतरी वेळ बघत होतो.

आज १०६० उघडलं, शेवटची पेस्ट माझ्या हातानं लावली, फॅनच्या पात्या एकेक पुसल्या. सहा पिनांची वायर, ४५० वॉट, कसलाच खटाटोप नको. ५८० माझ्या लिनक्सच्या मशीनवर राहील, तिथं ते शोभतं.

२०१७ चा तो खोका मी टाकला नव्हता. त्यातच घातलंय. संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघायचंय. झाकणाच्या आत एक चिठ्ठी चिकटवली: आधी एनव्हिडियाचा ड्रायव्हर घाल. मग ब्लेंडरमध्ये एडिट, प्रेफरन्सेस, सिस्टिम. तिथं कूडा निवड आणि कार्डाच्या नावापुढं टिक कर. मग रेंडर प्रॉपर्टीजमध्ये डिव्हाइस जीपीयू. उद्या ओवाळणी झाली की दोघं मिळून लावू, तोवर खोका उघडू नकोस.