तुम्ही विचारलंत म्हणून: १० लिटरचा ड्रोन काढून मोठा घ्यावा का?

बेळगाव जिल्ह्यात निपाणी-चिकोडीकडे फवारणीचा ड्रोन चालवणाऱ्यांचा हंगाम संपताना ठरलेला प्रश्न असतो: टाकी १० लिटरची आहे, १६ लिटरचा घेतला तर जास्त एकर उरकतील ना? बहुतेक वेळा उरकत नाहीत. कारण काम टाकीपाशी अडलेलंच नसतं.

हिशेब करून बघा. वेग सेकंदाला ५ मीटर आणि एका फेरीत फवारला जाणारा पट्टा ४ मीटर धरला, तर सेकंदाला २० चौरस मीटर होतात. एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे साधारण साडेतीन मिनिटं. वळणं धरून पाच. आता बॅटरीकडे या. सहा सेलच्या २२,००० एमएएचच्या दोन बॅटऱ्यांची जोडी अर्ध्या तासात भरायची तर सव्वादोन किलोवॅट लागतात. ३ केव्हीएच्या जनरेटरवर एका वेळी एकच जोडी भरते. एका जोडीत एक टाकी, एकरी १० लिटर धरले तर एका टाकीत एक एकर. म्हणजे सकाळी भरून आणलेल्या जोड्या संपल्या की तासाला दोनच एकर. मोठा ड्रोन जास्त वजन उचलतो, तशी वीजही जास्त खातो. त्यामुळे आधी दोन जोड्या आणि ५ केव्हीएचा जनरेटर वाढवा. ते नव्या ड्रोनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. उतरलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, हाताला थंड लागेपर्यंत पंधरा मिनिटं सावलीत ठेवा. पंपाच्या लाइनवर व्होल्टेज खालीवर होत असेल तर चार्जर तिथे जोडू नका. हंगाम संपला की बॅटरी पूर्ण भरून ठेवायची नाही, सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवा, नाहीतर फुगते.

नवा घेतलात की बॅटरी, चार्जर, कनेक्टर सगळंच बदलू शकतं. कोटेशनमध्ये बॅटरीच्या किती जोड्या धरल्यात ते आधी विचारा. नुसत्या ड्रोनची किंमत ऐकून खूश होऊ नका.

दुसरी अडचण कागदाची आहे, आणि ती कुणी विचारत नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २ ते २५ किलो म्हणजे ‘स्मॉल’, २५ ते १५० किलो म्हणजे ‘मीडियम’. हे वजन भरलेल्या टाकीसकट मोजतात. १० लिटरचे बरेच ड्रोन २५ किलोच्या जेमतेम आत बसवलेले असतात. १६ लिटरचा बहुधा बाहेर जातो. मग स्मॉल वर्गाचं पायलट सर्टिफिकेट त्याला चालत नाही, मीडियमचं वेगळं काढावं लागतं. मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे त्या मॉडेलची सरकारी मान्यता, आहे का तेही बघा. अख्खा ड्रोन आयात करायला फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे, सुट्या भागांना नाही. ‘बाहेरून मागवून देतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

मग पैसे कशाला मोजावेत? आरटीके (जीपीएसची चूक काही सेंटिमीटरवर आणणारी जोड) आणि जमिनीकडे बघणाऱ्या रडारला. आपल्याकडे वाटण्या होऊन पट्टे आलेत. आठ गुंठे ऊस, बांधापलीकडे सोयाबीन किंवा तंबाखू. साध्या जीपीएसला मीटर-दोन मीटरची चूक चालून जाते, बांधाला चालत नाही. उसातलं टू-फोर-डी हे तणनाशक शेजारच्या तंबाखूवर उडालं की पानं वाकडी होतात आणि भांडण पंचांपर्यंत जातं. वारा त्या बाजूला असेल तर आरटीके असूनही मारू नका. खानापूरच्या उताराच्या रानात, नुसत्या बॅरोमीटरवर (हवेच्या दाबावर) उंची धरणारा ड्रोन उड्डाणाच्या जागेपासून मोजतो; चढाच्या बाजूला तो पिकाला टेकतो. पिकाच्या शेंड्यावर २ ते ३ मीटर अंतर हवं. पुढच्या रडारला विजेची बारीक तार बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून खांब स्वतः पायी फिरून टिपा. बारा फुटी उसात पलीकडचं टोक दिसत नसेल तर ट्रॉलीवर उभे राहा. ड्रोन नजरेआड जाऊ द्यायचा नाही.

नवा असो की जुना, नोझल मोजल्याशिवाय रानात जाऊ नका. वर हिशेबात धरलेल्या वेगाला एकरी १० लिटर पाडायचे तर मिनिटाला तीन लिटर लागतात, चार नोझल असतील तर प्रत्येकी ७५० मिली. साधं पाणी घालून प्रत्येकाखाली मापाचं भांडं धरा, मिनिटभर सोडा. नव्या नोझलपेक्षा १० टक्के जास्त पडत असेल तर ते झिजलंय, बदला. कमी पडत असेल तर आधी जाळी काढून बघा. पावडरचं औषध बादलीत नीट न कालवता टाकीत ओतलं की तिथेच बसतं.

बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत मुभा आहे. मुतगे, निलजी, बाळेकुंद्री त्याच्याही आत येतात, तिथे परवानगीशिवाय पंखा फिरवायचा नाही. बेळगावातल्या विधिमंडळ अधिवेशनाच्या दिवसांत शहराभोवती तात्पुरता रेड झोन (उड्डाणबंदीचा भाग) लागू शकतो, एका वेळी ९६ तासांपर्यंत. त्या आठवड्यात डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलवरचा झोनचा नकाशा रोज उघडा. सर्टिफिकेट आणि नोंदणी केंद्राची असल्यामुळे महाराष्ट्रात कागल, चंदगडला जाऊन मारायला वेगळा कागद लागत नाही.

जुना विकताना व्यवहार वहीवर ठेवू नका. ड्रोनचा नोंदणी क्रमांक सरकारी पोर्टलवर घेणाऱ्याच्या नावावर करून द्या, फी शंभर रुपये. तो तुमच्याच नावावर राहिला तर उद्या त्यानं कुणाच्या कौलावर पाडला तरी फोन तुम्हालाच येईल.