कणकुंबीला भेटलेला माझा लेक

मुक्काम तीन झाले की चार, आता सगळं एकमेकांत मिसळलंय, जांबोटीची पहाटेची थंडी आणि टेम्पोच्या मागं चालत म्हटलेली रोझरी, म्हणजे आमची जपमाळेवरची प्रार्थना, एवढं लख्ख आठवतं. ३ डिसेंबरला संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला आपल्याकडची माणसं चोर्ला घाटानं जुन्या गोव्याला चालत जातात ते तुम्हाला माहीतच आहे, माझी ही पहिलीच वेळ, आणि मी लेकाला घेऊन निघालेले. पंधरा वर्षांचा, एसएसएलसीला, म्हणजे दहावीला. जूनपासून त्याचं रविवारी चर्चला मिस्साला येणं बंद. मग मी मोबाईल काढून घेतला, रोझरी म्हटल्याशिवाय मिळणार नाही म्हटलं. तो म्हणायचा, भराभर, भिंतीकडं बघत, आणि मी समोर बसून मोजायची किती 'नमो मरिये' झाल्या ते. आता आठवलं की पोटात कालवतं.

कणकुंबीच्या अलीकडं दोन्ही टाचांना फोड आले. ऊन चढलेलं, पुढारी सारखे चला चला करत होते, बायका गात होत्या आणि मला त्या गाण्याचाच राग यायला लागला. लेक कुठं दिसेना. पुढं गेला असणार म्हणून मी लंगडत पुढं पुढं, ज्याला विचारावं तो म्हणतोय असेल की पुढं. गावात पोचले तरी नाही. मलप्रभा उगवते ते माऊलीचं देऊळ बघायचं ठरवलेलं, ते राहिलंच.

योसेफ आणि मरिया पण सणाची यात्रा करूनच परतत होते ना. बारा वर्षांचा येशू सोबतच्या लोकांत असेल असं धरून एक दिवसाची वाट चालून गेले, आणि तो सापडला तीन दिवसांनी, यरुशलेमच्या मंदिरात. लहानपणापासून ऐकलेलं, पण ते तीन दिवस त्या आईनं कसे काढले असतील हे मला त्या रस्त्यावर पहिल्यांदा कळलं. मी उभ्या उभ्या रडले.

एका घरासमोर एक मावशी सुपात तांदूळ निवडत होत्या. "अगं बाई, बस की जरा. पाय बघू." मिठाचं गरम पाणी आणलं, पाय स्वतः धुतले, मी नको नको म्हणतेय तरी. मग सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढला आणि दोरा आतच ठेवला. "पाणी दोऱ्यानं जातंय, ओढून काढू नको. दोनदा पंढरीला चालत गेलेय मी." गळ्यात तुळशीची माळ, माझ्या हातात रोझरी. "तुमची पण वारीच की," म्हणाल्या. कुणाची वाट बघतेस विचारलं, सांगितलं तर म्हणाल्या, "मागं बघितलंस काय?"

नव्हतं बघितलं.

अर्ध्या तासानं तो आला, मागून. आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या आज्जीची पिशवी खांद्यावर आणि तिच्याच चालीनं, एकेक पाऊल. ओठ हलत होते. मी काही बोलायच्या आधीच म्हणाला, "थांब मम्मी, रोझरीचं चौथं रहस्य चाललंय, आज्जी विसरते, मी मोजतोय."

मावशींनी दोघांना गूळ-शेंगदाणे दिले, पैसे घेतले नाहीत.

घाट उतरताना गुडघे गेले. फ्रान्सिस झेवियर १५४२ ला गोव्यात आले तेव्हा रस्त्यानं घंटा वाजवत पोरांना गोळा करायचे, प्रार्थना शिकवायचे. घंटा ऐकून पोरं आपणहून यायची. उतारभर माझ्या डोक्यात तेवढंच.

जुन्या गोव्यात बॉम जेझू चर्चला गर्दी होती, झेवियरांच्या शवपेटीपुढं दोन मिनिटं मिळाली.

पण साखळीच्या मुक्कामाचं सांगायचं राहिलं. रात्री तो माझ्या पायाशी बसून टाचेतला दोरा बघत होता. दुखतंय काय म्हणाला. मी म्हटलं, "रोझरीचं माझं चुकलं रे बाळा." तो काही बोलला नाही. उठला आणि बादली घेऊन गरम पाणी बघायला गेला.