नोकरी सोडली आणि वकिलाची नोटीस आली

भोसरीतल्या ज्या कंपनीत मी सात वर्षं व्हॉल्व्ह विकले, तिच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये एक कलम होतं: नोकरी सोडल्यावर दोन वर्षं कुठल्याही स्पर्धक कंपनीत काम करायचं नाही. व्हॉल्व्ह विकणाऱ्या माणसाने मग काय विकायचं, ते लिहिलेलं नव्हतं. राजीनामा दिला, नोटीस पीरियड पूर्ण भरला आणि चाकणला दुसऱ्या व्हॉल्व्ह कंपनीत रुजू झालो. थोड्याच दिवसांत घरी रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस आली. नवी नोकरी ताबडतोब सोडा, नाहीतर कोर्टातून मनाई हुकूम आणू, शिवाय नुकसानभरपाई. बाबांनी एवढंच विचारलं, "काही घेऊन तर आला नाहीस ना तिथून?"

नेमका हाच प्रश्न शिवाजीनगरच्या वकील मॅडमनीही विचारला, पण नंतर. आधी त्यांनी नोटिशीतल्या एका निकालावर बोट ठेवलं. 1967 चा, सर्वोच्च न्यायालयाचा, गोलिकरी विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग. प्रकरण आपल्या कल्याणचं. टायर कॉर्डचं, म्हणजे टायरला मजबुती देणाऱ्या धाग्याचं, तंत्र शिकवलेला कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्धवट टाकून राजस्थानात कोट्याच्या स्पर्धक कंपनीत गेला आणि कोर्टाने त्याला अडवलं. वाचून माझ्या पोटात गोळाच आला. मॅडम म्हणाल्या, "अहो, त्याला कराराच्या उरलेल्या मुदतीपुरतं अडवलं. तुमचा करार तर नोटीस पीरियड भरून रीतसर संपलाय."

मग कलम 27. भारतीय करार कायदा 1872 चा, आणि हे कलम तेव्हापासूनचं. कुणालाही कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. अपवाद आहे तो धंद्याची गुडविल, म्हणजे कमावलेलं नाव, विकणाऱ्याला. पगारदाराला त्याचं काय! त्यामुळे नोकरीनंतरची बंदी दोन वर्षांची की सहा महिन्यांची, वाजवी की अवाजवी, हा कीस इथे पाडावा लागत नाही. नोटिशीच्या उत्तरात मॅडमनी 2006 चा झहीर खानचा निकालही घातला. श्रीरामपूरच्या या गोलंदाजाचा जाहिरातींसाठी एका कंपनीशी करार होता. तो संपल्यावरही त्याला बांधून ठेवू पाहणारी अट सर्वोच्च न्यायालयाने मानली नाही.

त्यानंतर माझी उलटतपासणी. लॅपटॉप कधी परत केला? पोच आहे? स्वतःच्या जीमेलवर काही फॉरवर्ड केलंय? प्राइस लिस्ट, डिस्काउंटचे तक्ते? कारण गुप्ततेचं कलम नोकरीनंतरही लागू राहतं आणि कंपन्या खऱ्या जिंकतात त्या तिथे. डोक्यातला अनुभव माझा, पण ग्राहकनिहाय दरांची फाइल त्यांची. माझ्याकडे आयटी विभागाची पोच होती, ती उत्तराला जोडली.

कोर्टात कुणीच गेलं नाही. मला वाटतं, जायचं नव्हतंच, घाबरवायचं होतं. खरी नाडी त्यांच्या हातात होती ती वेगळीच: रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) आणि ग्रॅच्युइटी. "केस मिटल्यावर बघू," असं एचआरचं उत्तर. नव्या कंपनीने राजीनामा मंजूर झाल्याचा मेल आणि पगाराच्या स्लिपा यांवर तूर्त भागवलं, हे नशीब. ग्रॅच्युइटीसाठी मॅडमनी वेगळं पत्र लिहिलं: पाच वर्षांहून जास्त नोकरी झालीय, रक्कम 30 दिवसांत देय आहे, उशीर झाला तर व्याज लागेल, आणि स्पर्धकाकडे गेला म्हणून ती अडवण्याची सोय कायद्यात नाही. कलम 27 ने जे झालं नाही ते या पत्राने झालं. पैसे आले, मागोमाग रिलीव्हिंग लेटरही. पीएफची एक्झिट डेट त्यांनी टाकलीच नव्हती. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबून ती ईपीएफओच्या पोर्टलवर मीच टाकली.

हे ऐकून माझा भाचा खूश झाला, कारण त्याने बँकेत तीन वर्षं नोकरी न सोडण्याचा बॉण्ड लिहून दिलाय. त्याला म्हटलं, थांब. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. ती अट नोकरी चालू असतानाची, दुसरीकडे जायला मनाई न करणारी. तो आता तीन वर्षं कधी भरतात ते बघतोय.