पट्टी गेली नाही

आमच्याकडच्या पीएचडीच्या विद्यार्थिनीच्या प्रबंधाचं एक प्रकरण जवळपास लिहून झालं होतं. पेशींना ईजीएफ (वाढीचा निरोप देणारं प्रथिन) दिलं की क्रेब या प्रथिनाच्या १३३व्या अमिनो आम्लावर, म्हणजे तिथल्या सेरीनवर, फॉस्फेट चढतं. आधी एच-८९ दिलेलं असेल तर चढत नाही. कायनेज म्हणजे इतर प्रथिनांवर फॉस्फेट चढवणारं विकर, आणि एच-८९ म्हणजे त्यातलं प्रोटीन कायनेज ए (पीकेए) रोखायला सर्रास वापरलं जाणारं रसायन. म्हणून हे काम पीकेएचंच, असं तिचं म्हणणं.

मला ते पटत नव्हतं. हे रसायन एमएसके१ या दुसऱ्या कायनेजलाही जवळजवळ तेवढ्याच जोरानं दाबतं, हे २००० सालीच छापून आलंय. आणि एमएसके१ क्रेबच्या नेमक्या त्याच सेरीनवर फॉस्फेट चढवतं!

मग पीकेआय १४-२२ मागवलं. पीकेएला रोखणारं पीकेआय हे प्रथिन आपल्या पेशींत मुळातच असतं; हा त्याचा नऊ अमिनो आम्लांचा तुकडा. पीकेए आपलं लक्ष्य ओळखतं ते लागोपाठच्या दोन आर्जिनिनांवरून. ती दोन्ही या तुकड्यात आहेत, पण पुढे जिथे सेरीन हवं तिथे ॲलनिन आहे. फॉस्फेट चिकटवायला सेरीनवर असतो तो हायड्रॉक्सिल गटच नाही, आणि पीकेएची जागा मात्र अडलेली. इतकी नेमकी अडवणूक लहान रसायनांना क्वचितच जमते. पेशीच्या पटलातून आत शिरावं म्हणून त्याच्या टोकाला मिरिस्टिक आम्ल जोडलेलं असतं.

मग ब्लॉट केला: या चाचणीत प्रत्येक नमुन्याची एक लेन असते आणि हवं ते प्रथिन तिच्यात पट्टीसारखं दिसतं. ईजीएफ आणि हा तुकडा (पेप्टाइड) दोन्ही दिलेल्या लेनमध्ये फॉस्फेट चढलेल्या क्रेबची पट्टी जशीच्या तशी, ठळक.

"मॅडम, पेप्टाइड आत गेलंच नसेल तर?" तिनं लगेच विचारलं. तिच्या जागी मीही हेच विचारलं असतं. उत्तर त्याच ब्लॉटवर होतं. फोर्स्कोलिन या रसायनानं पेशीतला सीएएमपी हा निरोप्या रेणू वाढतो आणि पीकेए जागं होतं. त्या लेनमध्ये पट्टी गडद होती. शेजारी, फोर्स्कोलिनसोबत पेप्टाइड दिलेल्या लेनमध्ये ती जवळजवळ नाहीशी. एकूण क्रेब सगळीकडे सारखंच. म्हणजे पेप्टाइड आत पोचलं होतं, पीकेए अडलंही होतं. ईजीएफचा निरोप दुसऱ्याच वाटेनं येत होता.

ती बराच वेळ बोलली नाही. वर्षभराचं काम होतं, मला वाईट वाटलं. पण त्या चार लेन मला तिच्या आधीच्या सगळ्या आकृत्यांपेक्षा मोलाच्या वाटल्या, आणि तसं मी तिला सांगितलं.

ईजीएफ दिल्यावर एमएसके१ला जागं करतं ते ईआरके हे कायनेज, आणि ईआरकेला जागं करतं ते एमईके; म्हणून पुढच्या ब्लॉटमध्ये तिनं एमईके यू०१२६ या रसायनानं बंद केलं. ईजीएफची पट्टी गेली. प्रकरणाचं शीर्षक तिनं त्याच संध्याकाळी बदललं.