म्हाताऱ्या मांजरीचे दात काढले, पण चिठ्ठीने जीव काढला

आधीच सांगते, ऑपरेशन व्यवस्थित झालं, डॉक्टर हुशार होते आणि बायजा आता दोन्ही वेळ ताटली चाटूनपुसून साफ करतेय. त्यामुळे हे वाचून कोणी मांजरीचं ऑपरेशन टाळू नका. माझा राग दुखण्याच्या औषधाच्या चिठ्ठीवर आहे आणि तो अजून गेलेला नाही म्हणून लिहायला बसलेय.

बायजा १४ वर्षांची, देशी, तीनरंगी, वजन ३ किलो ८००. बरेच महिने तिच्या तोंडाला घाण वास येत होता, खाताना मान तिरकी करायची, दाणा तोंडात घ्यायची आणि परत टाकून द्यायची. अंग चाटणं पण बंद केलं होतं त्यामुळे पाठीवर केसांच्या गुठळ्या. आधीच्या व्हेटचं एकच पालुपद, वय झालंय आता. अहो वय झालंय म्हणजे दुखत नाही असं थोडीच आहे? शेवटी ओळखीतल्या एकीने दातांचा वेगळा एक्स-रे काढणारं क्लिनिक सांगितलं. तिथे कळलं की टूथ रिसॉर्प्शन आहे, म्हणजे शरीरच स्वतःचा दात विरघळवत नेतं. मांजरांमध्ये हे खूप कॉमन आहे, नक्की का होतं ते अजून पूर्ण समजलेलं नाही, पण कॅल्शियम कमी पडलं म्हणून होत नाही (हे आमच्या शेजारच्या काकूंसाठी). वरून हिरडीवर नुसता लाल ठिपका दिसतो आणि खाली मुळाची वाट लागलेली असते, म्हणून एक्स-रेशिवाय दात काढायला कोणी तयार झालं तर मी तरी देणार नाही. भूल न देता दात साफ करून देतो म्हणणारे पण भेटले, त्याने वरवरचे दात पांढरे दिसतात, हिरडीच्या खाली काहीच होत नाही.

रक्त तपासलं, थायरॉइड बघितलं, छातीचा एक्स-रे झाला. क्रिएटिनिन २.१ आलं म्हणजे किडनी थोडी थकलेली, पण सलाईन लावून भूल देता येईल म्हणाले. ३० पैकी ७ दात काढले. हे सगळं सुरळीत झालं.

आता चिठ्ठीचं.

डिस्चार्ज मिळाला संध्याकाळी, क्लिनिक बंद व्हायच्या वेळेला. डॉक्टरांनी आत मला स्वतः सांगितलं होतं की किडनीमुळे मेलॉक्सिकॅम (सूज-दुखण्याचं नेहमीचं औषध) घरी द्यायचं नाही, दुखण्यासाठी गॅबापेंटिन देतोय, उद्या सकाळपासून सुरू करा. बाहेर काउंटरवर हातात आलं काय, तर पिंजरा, बिल, एक सिरप आणि एक कागद. कागदावर 'सॉफ्ट डाएट, १० दिवसांनी रिव्ह्यू'. बस. मी विचारलं, दुखण्याचं औषध? काउंटरवरची मुलगी मान वर न करता म्हणाली, ते सिरपमध्येच आहे मॅडम. मला शंका आली म्हणून परत विचारलं, परत तेच उत्तर, आणि मागे एक लॅब्राडॉर आणि त्याचं अख्खं कुटुंब उभं. घरी येऊन बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं तर नुसतं अँटिबायोटिक.

रात्री काही वाटलं नाही. उलट ती डुलत डुलत आली, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या, थोडी ग्रेव्ही पण चाटली, आम्ही सगळे खूश. पण त्याचं कारण असं की दात काढताना जबड्याची नस बधीर करायचं इंजेक्शन देतात, ते काही तास टिकतं, आणि सोबतचं पेनकिलरचं इंजेक्शनही रात्रीतून उतरतं. म्हणजे खरं दुखणं सुरू होतं ते मध्यरात्रीनंतर, घरी, जेव्हा कोणी फोन उचलत नाही. हे कोणी सांगत नाही. सकाळी बघते तर कपाटाच्या खाली अंग आवळून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले, कान बाजूला पाडलेले, मान खांद्याच्या खाली. वाटीकडे बघितलं पण नाही.

इथे एक कामाची गोष्ट. मांजरीचं दुखणं चेहऱ्यावरून ओळखायची एक पद्धत आहे, फेलाइन ग्रिमेस स्केल, माँट्रियल युनिव्हर्सिटीवाल्यांनी २०१९ ला प्रसिद्ध केली. कान, डोळे, तोंडाचा भाग, मिशा आणि डोकं, प्रत्येकाला ० ते २ मार्क. १० पैकी ४ किंवा जास्त आले तर पेनकिलरचा विचार करायला हवा. बायजाला मी ७ दिले आणि क्लिनिक उघडल्या उघडल्या फोन लावला.

डॉक्टर ओटीमध्ये आहेत. व्हॉट्सअ‍ॅप करा. व्हॉट्सअ‍ॅप केलं तर ऑटोमॅटिक मेसेज, तुमचा मेसेज आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. परत फोन. मॅडम मांजरं अशीच करतात, दोन दिवस नाही खात. मी म्हटलं ताई, दोन दिवस न खाणं मांजरीला चालत नाही, मांजर उपाशी राहिली की अंगातली चरबी लिव्हरमध्ये जाऊन बसते आणि मग खरंच जिवावर बेततं, हे तुम्हीच मला सांगायला पाहिजे ना? यावर उत्तर काय, तर मग घेऊन या, डॉक्टरांनी बघितल्याशिवाय औषध लिहून देता येत नाही. काल ज्यांनी स्वतः तिच्या तोंडात टाके घातले त्यांनी परत बघायचं, आणि त्यासाठी ७ दात काढलेल्या म्हाताऱ्या मांजरीला मी पावसात रिक्षात घालून न्यायचं, आणि हे सगळं का, तर एक ओळ कागदावर लिहायची राहिली म्हणून! माझा आवाज चढला हे मान्य आहे, पण चढल्यावरच चिठ्ठी आली हेही तितकंच खरं.

आली म्हणजे काय, व्हॉट्सअ‍ॅपवर एका चिठोऱ्याचा फोटो. 'गॅबा १००' एवढंच. नाव नाही, सही नाही, शिक्का नाही, मांजर आहे का माणूस ते नाही. मेडिकलवाला म्हणाला यावर देता येणार नाही, आणि त्याचं बरोबरच होतं. मग त्याने विचारलं पेशंटचं नाव काय. मी म्हटलं बायजा. वय? १४. वजन? ३ किलो ८००. तो पेन खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. मांजर आहे म्हटल्यावर दुकानातले सगळे हसले, मी सोडून.

आणि आता हे ज्यांना लागेल त्यांनी नीट वाचा. आपल्याकडे मेडिकलमध्ये गॅबापेंटिन बहुतेक वेळा कशात तरी मिसळलेलंच समोर येतं, नॉरट्रिप्टिलिन (नैराश्यावरचं औषध) सोबत नाहीतर मिथाइलकोबालामिन (बी-१२) सोबत, कारण माणसांना नसांच्या दुखण्याला तेच देतात. दुकानदार म्हणतो सेमच आहे, घेऊन जा. सेम नाहीये. साधं गॅबापेंटिन, १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल, सोबत काहीही नको. ते न मिळाल्यावर तो ३०० ची काढतो आणि म्हणतो तीन भाग करा. कॅप्सूलमधल्या पावडरचे अंदाजाने तीन भाग, किडनी थकलेल्या मांजरीला? किती द्यायचं ते मी इथे लिहीत नाही, ते वजन आणि किडनी बघून डॉक्टरच ठरवतात आणि किडनी कमजोर असेल तर कमी करतात.

शेवटी बायजाला आईजवळ ठेवून मी एकटीच क्लिनिकला गेले आणि काउंटरसमोर उभी राहिले, म्हटलं चिठ्ठी मिळेपर्यंत हलणार नाही. आतून एक ज्युनिअर डॉक्टर बाहेर आली, मी सांगितलं, तिने फाइल उघडली, मोठ्या डॉक्टरांच्या अक्षरात गॅबापेंटिन आणि डोस दोन्ही लिहिलेलं होतं. फाइलमध्ये होतं! फक्त माझ्या कागदावर उतरवलं नव्हतं. तिने तिथल्या तिथे नीट चिठ्ठी लिहिली, मालकाचं नाव, मांजर, वजन, नुसतं गॅबापेंटिन, सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. चहा थंड होईपर्यंत पण वेळ लागला नाही. मोठ्या मेडिकलमध्ये कॅप्सूल मिळाली, घरी येऊन उघडून क्रीमवाल्या ट्रीटमध्ये कालवली (पावडर कडू असते, नुसत्या पाण्यातून दिली तर फेस काढतात) आणि बोटावरून चाटवली. दोनेक तासांनी बाईसाहेब कपाटाखालून बाहेर, पाय पसरून आडव्या. संध्याकाळी चमचाभर खाल्लं. मला रडूच आलं.

गॅबापेंटिनने मांजर झिंगल्यासारखी चालते, तेव्हा सोफ्यावर, खिडकीत चढू देऊ नका. आम्ही अंथरूण जमिनीवर केलं आणि लिटरचा ट्रे बुटक्या काठाचा घेतला.

खायला काय, तर रिकव्हरीचा टिन नाहीतर कुठलंही पाटे पद्धतीचं (मऊ, गुळगुळीत वाटलेलं) ओलं खाणं, कोमट करून. फ्रीजमधलं गार दिलं तर वासच येत नाही आणि वास नाही तर मांजर खात नाही. एवढ्या वजनाच्या मांजरीला दिवसाला साधारण १८० ते १९० कॅलरी लागतात, टिनवर लिहिलेलं असतं त्यावरून हिशोब करा म्हणजे 'थोडं खाल्लं' म्हणजे किती ते कळतं. आईने उकडलेलं चिकन मिक्सरमधून काढून दिलं, नंतर बोंबील उकडून काटा काढून, मीठमसाला काही नाही. कांदा-लसूण तर अजिबात नको, मांजरीच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात त्याने, म्हणून आपल्या रश्शातला तुकडा धुऊन द्यायचा प्रकार करू नका.

हो, आणि काकू म्हणाल्या होत्या क्रोसिनचा चतकोर दे. नाही, नाही आणि नाही. पॅरासिटामॉल मांजरीला विष आहे, तिच्या लिव्हरला ते पचवताच येत नाही, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. माणसांचं कुठलंच पेनकिलर स्वतःच्या मनाने देऊ नका.

सिरप देताना तोंड वर करून जबडा उघडायचा नाही, टाके उसवतात. सिरिंज गालाच्या बाजूने, टाके कमी असतील त्या बाजूला, थोडं थोडं. अँटिबायोटिकची गोळी दिली असेल, विशेषतः डॉक्सीसायक्लिन, तर तिच्यामागे सिरिंजने थोडं पाणी द्यायचंच, गोळी अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजते. टाके विरघळणारे असतात, काढायला जावं लागत नाही. सुरुवातीला लाळेत फिकट गुलाबी रंग दिसला तर चालतं, पांढरा टॉवेल अंथरला की रंग कळतो. लाल थेंब पडायला लागले तर फोन करा आणि उचलेपर्यंत करत राहा.

ऑपरेशनच्या आधी विचारायची एक गोष्ट आत्ता आठवली. तोंड उघडं ठेवायला स्प्रिंगचा चिमटा वापरणार का ते विचारा, मांजरीचं तोंड त्याने खूप ताणलं गेलं तर मेंदूकडचा रक्तपुरवठा दबतो आणि दृष्टी गेल्याच्या केसेस झालेल्या आहेत. आमच्या डॉक्टरांनी लगेच सांगितलं, आम्ही वापरत नाही. अशा वेळी त्यांच्यावरचा राग जरा कमी होतो.

घरात दुसरं मांजर असेल तर त्याला एक दिवस वेगळं ठेवा. आमचा बोका तिच्या अंगाच्या दवाखान्याच्या वासाने असा फिसकारला की जणू कोणी परकीच आणलीय, संध्याकाळपर्यंत गप्प झाला.

आणि बिल भरायच्या आधी, परत सांगते आधी, काउंटरवर कागद उलगडून बघा. दुखण्याचं औषध वेगळ्या ओळीत, किती, किती वाजता, किती दिवस, आणि रात्री कोणता नंबर. पैसे दिले की तुम्ही त्यांच्यासाठी गेलेलं गिऱ्हाईक असता.

रिव्ह्यूला मोठ्या डॉक्टरांना चिठ्ठीचं सांगितलं तर ते चकित, म्हणे मी तर लिहिलं होतं. माहितेय, मी वाचलंय. त्यांनी सॉरी म्हटलं, हिरडी मस्त भरलीय म्हणाले आणि आता दाणे द्यायला हरकत नाही, मांजरं तसंही बरेच दाणे न चावताच गिळतात. पण बाईसाहेबांना आता मऊ जेवणाची चटक लागलीय, दाण्यांकडे ढुंकून बघत नाहीत. तीन किलोची पिशवी न फोडलेली पडून आहे, कोथरूडच्या आसपास कोणाला हवी असेल तर सांगा.