नळ कुठे बसवायचा?

माझं संशोधन निम्मं तत्त्वज्ञानात, निम्मं राज्यशास्त्रात. म्हणजे दोन्ही विभागांत मी पाहुणीच. चिलीचा जीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को वारेला आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी 1991 मध्ये मांडलं, की मन म्हणजे डोक्यात चाललेला हिशेब नव्हे. देह जगात वावरतो, त्या वावरण्यातूनच विचार घडतो. हे मी दहा वर्षं शिकवत होते. खुर्चीत बसून.

त्या दिवशी घाटमाथ्यावरच्या एका गावात तहकूब ग्रामसभा होती. ग्रामसभेला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, जे कमी असेल तेवढी माणसं लागतात. आदल्या सभेला तेवढी जमली नव्हती. तहकूब सभेला ही अट नसते, त्यामुळे पुष्कळ गावांत खरी सभा हीच. विषय एकच, वरच्या वाडीचा सार्वजनिक नळ.

सभामंडपात सरपंच, ग्रामसेवक आणि पाणीयोजनेचा तरुण अभियंता खुर्च्यांवर, पुरुष सतरंजीवर, बाया पायऱ्यांवर. माझ्या तक्त्यात नोंद: स्त्रिया 23, बोलल्या 0. नकाशात नळ डांबरी रस्त्याच्या कडेला होता. "वाडीपासून फक्त ऐंशी मीटर," अभियंता म्हणाला. माणशी रोज 55 लिटरचा हिशेबही त्याने मांडला. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, ग्रामसेवक 'सर्वानुमते' लिहायला वाकले.

तेवढ्यात पायरीवरची एक आजी उठली आणि काही न बोलता चालू लागली. मला वाटलं, कंटाळली. पण तिच्यामागे एकेक बाई उठली. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावात एकाचाही विरोध असेल तर निर्णय थांबवतात, हे मी कौतुकाने शिकवते. पण 'नाही' कानांनीच ऐकू येतं, असं मी धरून चालले होते. ग्रामसेवक माझ्यापेक्षा शहाणे. पेनाला टोपण लावत म्हणाले, "चला, जागा बघून येऊ."

रस्त्याकडेला विहिरीवरून भरून आणलेला हंडा होता. आजीने तो अभियंत्यापुढे सरकवला. पोरगा भला, मुकाट खांद्यावर घेतला. एका बाईने मला कळशी दिली. चढाच्या दुसऱ्या वळणावर मुरूम पायाखालून सरकला, पोरगा डगमगला, शर्ट भिजला. माझाही तोल गेला आणि हात आपोआप बाजूच्या करंजाच्या मुळाकडे गेला. मूळ घरच्या उंबऱ्यासारखं गुळगुळीत होतं. मागे वळून पाहिलं, तर प्रत्येक बाई तिथे डावा पाय आधी टाकत होती आणि न बघता तेच मूळ धरत होती. कुणी कुणाला सांगत नव्हतं.

वर सपाटीला आजी थांबली. टाचेने मातीत रेघ मारली. "हितं."

"पाइप वाढवावा लागेल," अभियंता धापा टाकत म्हणाला. खालून कुणीतरी ओरडलं, "अन् पैसे?" त्यावर अर्धा तास भांडण झालं, ते नेहमीचंच. शेवटी नळ बसला तो रेघेच्या बारा पावलं खाली. खडक लागला म्हणे. प्रोसिडिंगमध्ये एवढंच आहे: 'प्रत्यक्ष जागेची पाहणी करून सर्वानुमते मंजूर.'

माझा रेकॉर्डर त्या चढावर चालूच होता. पावलं, वारा, कळशीतलं पाणी. लिप्यंतर करणाऱ्या मुलाने त्या अकरा मिनिटांपुढे लिहून पाठवलंय, 'संभाषण नाही.' मी ते खोडलंय. तिथे काय लिहायचं, ते अजून ठरत नाहीये.