पहिल्याच वर्गात चाक का नाही?

मातीची भांडी घडवायला नव्याने शिकायला येणाऱ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो, ‘कुंभाराच्या चाकावर कधी बसायचं?’ सुरुवातीचे काही वर्ग मी चाक देत नाही हे कळलं की लगेच दुसरा येतो, ‘पण का?’ तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चाक नवख्याला घाईला आणतं. माती हातात डुलत असते आणि सगळा जीव तिला मध्यावर आणण्यात अडकतो. ती आत्ता किती ओली आहे, कुठे जाड राहिलीये, हे बघायला उसंतच मिळत नाही. आमचं निम्मं काम तर तेच बघण्याचं आहे.

म्हणून आधी मुठीत मावेल एवढा गोळा. अंगठा मधोमध खुपसायचा आणि गोळा फिरवत फिरवत भिंत चिमटीत धरून पातळ करत जायचं. मी मुद्दाम डोळे मिटायला लावते. थोड्या वेळाने बोटं सांगू लागतात की तळ जाड आहे, काठ हाताच्या उबेने सुकून भेगाळतोय. चाकावर हेच क्षणात कळावं लागतं.

जाडीवर मी एवढी अडून बसते त्याला कारण आहे. मातीचे कण चपटे असतात आणि मधल्या पाण्यामुळे एकमेकांवरून घसरतात, म्हणून तर माती हवी तशी वळते. पाणी उडालं की कण जवळ येतात आणि वस्तू आक्रसते. ओल्या अवस्थेपासून पक्क्या भाजणीपर्यंत स्टोनवेअरची, म्हणजे जास्त तापमानाला भाजून दगडासारखी कडक होणारी, माती साधारण १० ते १५ टक्के आक्रसते. काठ आधी सुकला आणि तळ ओलाच राहिला, तर दोघांची ओढाताण होऊन चीर पडते. कपाचा कान सुटतो तोही असाच, कप सुकत आलेला आणि कान ताजा. दोन्ही सारखे ओले असताना जोडाची जागा ओरखडायची, स्लिप, म्हणजे पाण्यात कालवलेली पातळ माती, लावायची, दाबून बसवायचं आणि प्लास्टिकखाली सावकाश सुकू द्यायचं.

भट्टीत भांडं फुटलं की ‘हवेचा बुडबुडा राहिला असेल’ म्हणतात. मला ते पटत नाही. बहुतेक वेळा कारण पाणी असतं. खडखडीत वाळलेल्या दिसणाऱ्या जाड तळातही ओल दडलेली असते. १०० अंशांला तिची वाफ होते, वाफेला बाहेर पडायला वेळ मिळाला नाही की भांडं उडतं, आणि त्याचे तुकडे शेजारच्याच्या भांड्यांवर जातात. माती मळून हवा काढायचीच, कारण बुडबुड्यापाशी चाकावरचा हात अडखळतो. पण भट्टीत भांडं वाचतं ते नीट सुकवल्यामुळे. म्हणून भांडं गालाला लावून बघायला शिकवते. गार लागलं तर अजून ओल आहे, थांबायचं.

माझं स्वतःचं कामही याच वेळापत्रकावर चालतं. वाडगे चाकावर घडवायला फार वेळ लागत नाही, पण तळ तासण्याची वेळ माती ठरवते. ओल जास्त असेल तर तळ बसतो, फार सुकला तर हत्यार नुसतं घसरतं.

आणि हाताने घडवणं ही काही कमी प्रतीची पायरी नाही. चीनमधल्या शिआनरेनदोंग गुहेत सापडलेली खापरं सुमारे २०,००० वर्षांपूर्वीची आहेत, चाक त्यानंतर कितीतरी हजार वर्षांनी आलं. माझ्याकडचे काहीजण चाकाकडे वळतच नाहीत, मातीच्या वळ्या एकावर एक रचून मोठाली भांडी करत राहतात. त्यांचं काम बघताना मला फार आनंद होतो.

तर मग चाक कधी? गोळ्यातून घडवलेलं भांडं तारेने मधोमध कापायचं. तळापासून काठापर्यंत भिंत सारखी दिसली की पुढच्या वर्गाला चाक. आवडलेलं भांडं कापताना जिवावर येतं, ठाऊक आहे मला, पण कापल्याशिवाय भिंत दिसत नाही. चाकावरची पहिली काही भांडीसुद्धा अशीच कापायची आहेत, हे आधीच सांगून ठेवते.